बिगएंडवाले तात्या

जुनी गाडी विकत घेणाऱ्या मनुष्यास तिचे कागदपत्र नावावर होऊन मिळण्यास विलंब लागतो. तिच्याविषयीची मते मात्र बयाणा दिल्याबरोबर घरपोच येऊ लागतात. शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीच्या, एका गृहस्थाकडून मी डिझेलची जुनी जीप घेतली आणि न्हावरा-चौफुला मार्गाने, गुऱ्हाळांच्या धुरातून, दौंडास आणली. रस्त्याने निमूटपणे धावणारी ही गाडी उभी करून रेस सोडली की बॉनेटखालून ‘ठक्, ठक्’ असा ठोका देते, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती माझ्या नव्हे, तर आमच्या आळीतील तात्यांच्या.

तात्या रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दौंडात हे काही अपूर्व नव्हे. 1878 साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून वाफेचे इंजिन या गावच्या घराघरांत, निदान बोलण्यापुरते तरी, नांदत आले आहे. परंतु इतर निवृत्त मंडळी आपापल्या गुडघ्यांच्या कुरबुरी ऐकत बसलेली असता तात्यांनी आसमंतातील यच्चयावत इंजिनांच्या आवाजाची मुखत्यारी स्वतःकडे घेतली होती.

परीक्षेचा विधी ठरलेला. प्रथम ते टोपी काढून मालकाच्या हाती देत, त्यामुळे मालकाचे दोन्ही हात आणि अर्धे स्वातंत्र्य गुंतून पडे. मग नळावर हंडा भरणाऱ्या सूनबाईस “पाणी बंद करा!” असा हुकूम सुटे, आणि हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनास व मूठ कानामागच्या हाडास लावून, डोळे मिटून, ते आवाजाची जबानी घेत.

“बिगएंड,” तात्या म्हणाले.

ते नेहमी बिगएंडच, म्हणजे क्रँकला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंगच, म्हणत. वाफेच्या इंजिनाचे बिगएंड पुष्कळदा चाकाबाहेर, उघड्यावर असे. गाडी थांबताच हात लावून ते तापले काय ते पाहावे, हे तात्यांनी उभा जन्म केलेले. जीपमध्ये तोच जुना वैरी चेंबरच्या आत दडून बसला आहे, एवढाच काय तो त्यांच्या मते फरक. त्यांचे ज्ञान खोटे होते असे मात्र कोणी समजू नये. टॅपेट क्रँकच्या निम्म्या गतीने टिकटिकतो, सैल पिस्टनचा खडखडाट इंजिन तापले की कमी होतो, बेअरिंग गेले की तेलाचा दाब उतरतो, हे सर्व ते बिनचूक सांगत. वहिवाट मात्र अशी की, फैसला आधी लिहावयाचा आणि साक्षीपुरावा मागाहून घ्यावयाचा.

“तात्या, तेलाचा काटा तर जागच्या जागी आहे.”

“काटा फितूर आहे. इंजिन खोला.”

इंजिन खोलण्याचा खर्च मनाशी मांडून मी पाटस रस्त्यावरच्या गॅरेजातून एका पोरास बोलावून आणले. “आजोबा, जरा मागं व्हा, डिझेल उडंल,” असे म्हणून त्याने इंजिन चालू ठेवूनच नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून पान्याने सैल केले. पहिल्या दोन्ही वेळा इंजिन लंगडले, ठोका तसाच. तिसऱ्या वेळी इंजिन लंगडले आणि ठोकाही थांबला.

“तिसरा!” तात्या गरजले, “तिसऱ्याचं बिगएंड!”

पोरगा काही बोलला नाही. त्याने इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरचे नोझल पहिल्यात आणि पहिल्याचे तिसऱ्यात बसविले. ही युक्ती मला फार आवडली. कारण नोझल जागा बदलू शकते, बेअरिंगास ती सोय नाही. त्या नोझलमधून डिझेल तुषारांऐवजी थेंबाथेंबाने ठिबकत होते आणि साचलेले सारे एकदम भडकून पिस्टनवर घाव घालीत होते, हे त्याने पुढे, नवे नोझल आणावयास पैसे मागताना, मला समजावून दिले.

इंजिन पुन्हा सुरू झाले. नट सैल करून पाहता ठोका आता पहिल्या सिलिंडरवर आला होता. तात्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिसऱ्यावर टेकविला, मग पहिल्यावर. तेथे पुष्कळ वेळ कान दिला. शेवटी माझ्या हातातील टोपी घेऊन, झटकून, ती डोक्यावर नीट बसवीत ते गंभीरपणे म्हणाले,

“पाहिलंत? मघाशी तिसऱ्यात होतं, आता पहिल्यात शिरलं. बिगएंड पसरतं ते हे असं!”