दगड न उचलता राजकीय तत्त्वज्ञान

राजकीय तत्त्वज्ञानावर मित्रांशी चर्चा सुरू करायची असेल, तर पांढुर्ण्याजवळच्या तिगावात पोळ्याच्या संध्याकाळसारखा मुहूर्त नाही. बैल सजून तोरणाखाली उभे असतात, माणसांना त्या दिवशी काम नसते आणि वऱ्हाड-नागपूरकडची झडती नावाची जुनी सोय हाताशी असते. झडती म्हणणाऱ्याने दोन-चार यमकांत सावकार, सरकार, कापसाचा भाव आणि गावचे पुढारी यांची खरडपट्टी काढायची, शेवटी महादेवाचा गजर करायचा, की सगळे माफ. सत्तेवर भर चौकात टीका आणि टीकाकार रात्री घरी पुरणपोळीवर! अथेन्सला हे जमले नव्हते. इ.स.पू. 399 मध्ये त्यांनी सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला.

दुसरा दिवस मात्र वर्ज्य समजावा. त्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. पांढुर्णेकरांनी झेंडा काढून आणला, की तो चंडीमातेच्या देवळात जातो आणि जखमी दवाखान्यात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. काही वर्षी माणसेही गेली आहेत. तिगावच्या होतकरू विचारवंताने त्या दिवशी मतभेद ठेवूच नयेत. नागपूरला जायची सोय असेल तर जावे. तिथे त्याच दिवशी मारबतींचे पुतळे निघतात आणि सोबतच्या बडग्यांच्या गळ्यात लोकांच्या वर्षभराच्या रागाच्या पाट्या असतात. काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसल्यांवरच्या रागातून निघाली असे सांगतात. राजघराण्याचा निषेध, मिरवणूक आणि शेवटी दहन. डोके कुणाचेच फुटत नाही.

एरवी गोटमार हा चर्चेचा उत्तम विषय आहे, कारण नवशिका तिथेच सापडतो. त्याने नुकतेच हॉब्जविषयी वाचलेले असते. राज्यसंस्था नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाविरुद्ध लढत राहील, हे 1651 च्या ‘लेव्हायथन’चे म्हणणे त्याला पाठ असते. तो म्हणतो, “पाहा, आपली गोटमार!” त्याला पूर्ण बोलू द्यावे. मग कोणीतरी खर्रा घोटता घोटता विचारावे, “मंग ते झाड कोन रोवते गा भाऊ?” झाड ठरलेले, जागा ठरलेली, दिवस पंचांगाने ठरवलेला, कोणी कुठल्या काठावर उभे राहायचे तेही ठरलेले. शिवाय बंदोबस्ताला पोलीस आणि रुग्णवाहिका, म्हणजे खुद्द लेव्हायथन ड्यूटीवर. हॉब्जच्या निसर्गावस्थेत इतकी शिस्त नव्हती. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांवर आले. इथून सहज जॉन स्टुअर्ट मिलकडे वळता येते. राजीखुशीने डोके फोडून घेणाऱ्याला सरकारने अडवावे का? दुसऱ्याला इजा होत नसेल तर अडवू नये, असे 1859 चा मिल म्हणेल. पण नुसत्या बघायला आलेल्या माणसाला दगड लागला तर? या एका प्रश्नावर पोह्यांच्या दोन प्लेट आणि तर्री सहज संपते.

मंडळी निवडताना प्लेटोचा आदर्श ठेवावा. ‘रिपब्लिक’मधली सगळी चर्चा पिरेअस बंदरातल्या एका घरी होते आणि तिची सुरुवात न्यायापासून होतच नाही. घरातले वृद्ध सेफालस म्हातारपण कसे असते ते सांगत बसलेले असतात. सॉक्रेटिस त्यावरून हळूच न्यायाकडे सरकतो, आणि प्रश्न जड होतो आहे असे दिसताच सेफालस पूजेचे निमित्त काढून उठतात व वाद मुलाच्या गळ्यात घालतात. प्रत्येक बैठकीत असा एक काका हवाच. त्याने गुडघेदुखीने आरंभ करून द्यावा आणि वेळेवर उठून जावे. जे काका उठत नाहीत, त्यांच्यासमोर तत्त्वज्ञान होत नाही, इतिहास होतो, आणि तो 1977 च्या पुढे सरकत नाही.

दुसरे आवश्यक पात्र थ्रॅसिमेकस. बलवानाचे हित तोच न्याय, असे ठणकावून सांगणारा हा गडी प्लेटोने एखाद्या हिंस्र प्राण्यासारखा अंगावर आलेला दाखवला आहे. प्रत्येक गावात तो असतो; बहुधा एखाद्या तालुकास्तरीय पदावर असतो. त्याला गप्प करू नये, कारण त्याच्याशिवाय पुढची नऊ प्रकरणे लिहिलीच गेली नसती. आपले उत्तर ऐकवण्याआधी तो पैसे मागतो हेही लक्षात ठेवावे. सॉक्रेटिसकडे दमडी नव्हती. त्याच्या वतीने मित्रांनी वर्गणीची तयारी दाखवली. चहाचे बिल कोणी द्यायचे याबद्दल हाच दाखला पुरेसा आहे: ज्याला सगळ्यात कमी माहीत असल्याचा दावा आहे, त्याने देऊ नये.

आता विषय. ग्रीक लोक परवडतात, पण तिगावकराला अथेन्सपर्यंत जाण्याची गरज नाही. इटारसी–नागपूर लोहमार्गावरचे हे गाव जागचे हललेले नाही. त्याच्यावरून राज्ये तेवढी गेली. आधी देवगडचे गोंड राजे. त्यांच्यातल्या बख्त बुलंदाने नागपूर वसवले. मग नागपूरकर भोसले. तिसरे रघुजी 1853 मध्ये औरस वारस न ठेवता वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, पुढे त्याला वऱ्हाड जोडले गेले. 1950 मध्ये त्याचेच नाव मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळ. त्याच्या आदल्या वर्षी फाजल अली आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्या आठांत तिगावचा छिंदवाडा जिल्हा नव्हता. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून पांढुर्णा जिल्हा झाला.

एवढी यादी सांगून झाल्यावर दीर्घ श्वास घ्यावा आणि लॉकला बोलवावे. सरकारची वैधता लोकांच्या संमतीवर उभी असते, असे त्याने 1689 च्या ग्रंथात मांडले. इथे कोणीतरी लगेच विचारणार, “माह्या आज्याले कोनं इचारलं होतं?” लॉकला हा प्रश्न अपेक्षित होता. त्याचे उत्तर असे, की तोंडाने होकार द्यायला नको. एखाद्या राज्याच्या रस्त्याने कोणी निवांत प्रवास केला, तरी तेवढ्या वेळापुरती मूक संमती झाली. इंग्लंडात बसून हे म्हणणे सोपे आहे. पांढुर्ण्याहून सकाळी नागपूरची बस पकडणारा माणूस वाटेत मध्य प्रदेशाची संमती काढून घेतो, महाराष्ट्राला देतो, धंतोलीत डॉक्टरला दाखवतो, इतवारीत खरेदी करतो आणि अंधार पडायच्या आत उलटी संमती देत घरी येतो. बसमध्ये झोप लागली तर कुठल्या राज्याची प्रजा म्हणून घोरलो, हेही त्याला सांगता येणार नाही.

झोपेवरून ह्यूम आठवायलाच हवा. 1748 च्या निबंधात त्याने लॉकच्या मूक संमतीचा समाचार घेतला. माणसाला झोपेत उचलून जहाजावर टाकायचे आणि मग म्हणायचे की तू समुद्रात उडी मारत नाहीस, अर्थात कप्तानाची हुकमत तुला कबूल आहे! हा दृष्टान्त ह्यूमने तिगाव पाहून लिहिला नाही, एवढाच त्यात दोष. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री इथली माणसे नागपूर राजधानी असलेल्या राज्यात झोपली आणि सकाळी भोपाळच्या राज्यात उठली. गाय त्याच गोठ्यात, संत्र्याची झाडे त्याच बांधावर, फक्त अर्जाचा पत्ता बदललेला. कोणी उडी मारली नाही. मारणार कुठे, जाम नदीत?

या टप्प्यावर कोणीही नकाशा काढू नये. नकाशा आला की त्यावर बोट येते, आणि बोट आले की ‘आपण महाराष्ट्रात असतो तर’ ही न संपणारी वाट सुरू होते. त्या वाटेवर वरूडचा किंवा काटोलचा एखादा पाहुणा बसलेलाच असतो. तो कापसाच्या आणि संत्र्याच्या भावाचा असा हिशेब मांडतो, की लॉक, ह्यूम आणि फाजल अली तिघेही खुर्ची मागे सारून निघून जातात.

संत्र्याचा विषय निघालाच, तर तो वाया जाऊ देऊ नये. मालमत्ता कुठून येते या प्रश्नावर लॉकचे उत्तर श्रमातून येते असे आहे: निसर्गाच्या वस्तूत स्वतःचे कष्ट मिसळले की ती आपली. बागायतदाराला हे पटते, कारण कलम लावल्यावर फळ धरेपर्यंतची वर्षे त्याने पाणी घालण्यात घालवलेली असतात. पण याच मुद्द्यावर मराठीत रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आहे, अठराव्या शतकाच्या आरंभीचे. आरमारासाठी लाकूड तर लागणार. मग ते कुठून घ्यायचे? आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे, असे पंत सांगतात. लॉकला झाडावरचा हक्क दिसला, पंतांना झाड तोडल्यावर मालकाच्या मनाचे काय होते तेही दिसले. रस्ता रुंद होताना बागेच्या मोबदल्याचा वाद निघाला, तर वकिलाआधी पंतांचे नाव घ्यावे. उपयोग होईलच असे नाही, पण समोरचा अधिकारी क्षणभर विचारात पडतो.

हाच बागायतदार फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) आणतो तेव्हा बैठकीचा रंग पालटतो, कारण त्यात मोबदला ठरवणाऱ्या कारकुनाचीच झडती आहे. आणि कोणाच्या तोंडी मुलताई आली, तर विनोद तिथेच थांबवावा. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात 12 जानेवारी 1998 ला पीक बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. राज्यसंस्थेला बळाचा अधिकार कुठवर, हा प्रश्न त्या दिवसानंतर या पट्ट्यात पुस्तकातून शिकवावा लागत नाही. अशा वेळी दुसरा चहा मागवावा आणि ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे.

एरवी चर्चा नासवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे हयात पुढाऱ्याचे नाव. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात नावबंदी लागू करावी. यासाठी डॉ. आंबेडकरांचा आधार घ्यावा, म्हणजे कोणी हरकत घेत नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी मिलचाच हवाला देऊन बजावले, की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. भक्ती धर्मात मुक्तीची वाट असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. नावबंदी लागू होताच पहिली दहा मिनिटे कोणालाच काही सुचत नाही. ही शांतता अपयश समजू नये. अकराव्या मिनिटाला कोणीतरी रेशनच्या रांगेबद्दल बोलतो, आणि वाटप न्याय्य कशाने होते या प्रश्नावर मंडळी आपोआप येतात. ॲरिस्टॉटलने याच प्रश्नावर बराच कागद खर्ची घातला होता, हे त्यांना तेव्हा सांगू नये.

मैत्री राखण्याबाबत टिळक-आगरकरांचे उदाहरण सगळे देतात, पण अर्धेच देतात. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे समाजसुधारणा आधी की स्वराज्य आधी यावर फाटले, 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. विरोधकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. यातून तिगावकराने घ्यायचा बोध व्यावहारिक आहे: ज्याच्याशी वाद घालायचा, त्याच्याबरोबर आधी काही त्रास सोसलेला असावा. एकत्र तुरुंगवास आता सहसा जमत नाही. कापसाच्या गाडीवर मंडईत काढलेली रात्र चालते. शिवाय मतभेद लिहून मांडण्याइतके कष्ट घेणारा मित्र दुर्मीळ असतो. त्याला सोडू नये, त्याचा अंक विकत घ्यावा.

सरावलेल्यांसाठी पुढची पायरी ग्रामसभा. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ (1955) या पट्ट्यात पुष्कळ घरी असते, तेव्हा तयारी नाही ही सबब चालणार नाही. रूसो 1762 मध्ये म्हणाला होता, की राज्य नीट चालत असेल तर नागरिक सभेकडे धावत सुटतात. इथे धावत येणाऱ्यांमध्ये ज्याची नाली तुंबली आहे तो पहिला असतो. त्याला हसू नये, सार्वजनिक हिताची कल्पना तिथूनच वर येते. मग नाली कोणाच्या दारातून वळवायची यावर दोन तास मराठीत कडाक्याचे भांडण होते. कोणी आजोबांच्या काळचा बांध काढतो, कोणी संविधान काढतो, थ्रॅसिमेकस आपले वजन दाखवतो, काका यावेळी उठायला तयार नसतात. बहुमताची इच्छा आणि सर्वांची खरी सामूहिक इच्छा या दोहोंत फरक कसा करायचा, हे रूसोला जन्मभरात नीट सांगता आले नाही. पंचायतीचे सचिव मात्र रजिस्टर उघडतात, चष्मा सारखा करतात आणि हिंदीत एक ओळ लिहून खाली सह्या घेतात: ‘प्रस्ताव सर्वसम्मति से पारित।’