एका हाताचा नाश्ता

ग्रॅनोला बार नावाच्या पदार्थाची खरी गरज पृथ्वीवर कुठे असेल, तर ती सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकात. परदेशातले लोक तो डोंगर चढताना खातात म्हणे. पण डोंगर चढणाऱ्याला दमल्यावर दगडावर बसता येतं. आमच्या लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला, पर्स पोटाशी आणि दुसरा हात कुठे आहे हे मुंब्र्यापर्यंत आपलं आपल्यालाच कळत नाही. तो सापडल्यापासून ठाणं येईपर्यंत जे तोंडात जाईल, तो नाश्ता.

या परीक्षेत भले भले पदार्थ नापास झालेत. पोह्यांना चमचा लागतो. रव्याचा लाडू शेजारणीच्या ड्रेसवर फुटतो आणि मग दादरपर्यंत तिच्या नजरेला नजर देता येत नाही. चिक्की खाताना इतका आवाज होतो की मागचं भजनी मंडळ ताल चुकतं.

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी हा प्रश्न हाती घेतला. एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल करण्यात उभं आयुष्य गेलेलं. त्यामुळे आधी वही आली, मग डिजिटल वजनकाटा, मग थर्मामीटर. ओट्स सगळ्यांत शेवटी. बदाम-अक्रोड स्वस्त पडतात म्हणून ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणले. जो काही फायदा झाला, तो येताना रिक्षावाल्याने घेतला.

वहीचं पहिलं पान इतिहासाचं होतं. 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिल गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ नावाचं न्याहारीचं धान्य काढलं. ते इतकं टणक असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे.

“म्हणजे बिघडलेलंच की,” सासूबाई म्हणाल्या. “आणि त्याचं नाव झालं!”

त्याच 1863 साली आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाटात खपणाऱ्या मजुरांसाठी गूळ-दाण्यांची गुडदाणी बनायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. थोडक्यात, रेल्वे आणि गूळ-दाणे यांची सोयरीक जुनी आहे. ओट्स हे त्यात मागाहून आलेले पाहुणे.

पाहुण्यांना सासूबाईंनी आधी कोरड्या कढईत घेतलं. “नीट भाज रे, कच्चे राहिले तर टाळूला चिकटतील.” खमंग वास सुटेपर्यंत त्यांनी ह्यांना हलू दिलं नाही. मग निम्मे बदाम बाजूला काढून तिथे भाजलेले शेंगदाणे ओतले. हे वही घेऊन धावले, पण वहीनेच घात केला. 100 ग्रॅम बदामांत प्रथिनं साधारण 21 ग्रॅम, शेंगदाण्यांत 25. जांभळी नाक्याची ती वारी आता आमच्या घरात कोणी काढत नाही.

खरी लढाई पाकाची. पाक 115 अंशांच्या आसपास उतरवला, तर पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. 150 पर्यंत नेला, तर तोच थेंब वाटीच्या तळाशी टणकन वाजतो. पहिल्याने वडी होते, दुसऱ्याने चिक्की. बारला या दोघांच्या मधली जागा हवी: हातात वाकू नये आणि दाताखाली भांडू नये. चिक्कीचा गूळ सासूबाईंनी आधीच परत पाठवला होता. “लोकलमध्ये कवळी पडली तर शोधायची कुठे?”

कढईच्या एका बाजूला थर्मामीटर धरून हे, दुसऱ्या बाजूला पाण्याची वाटी घेऊन त्यांच्या आई. दोघंही बोलेनात. फेस दाटला, रंग पालटला.

“120!” हे ओरडले. त्याच क्षणी सासूबाई म्हणाल्या, “आता उतरव.” आकड्याकडे पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली. “बरोबर चालतंय हो तुझं यंत्र.”

तुपाचा हात लावलेल्या थाळ्यात मिश्रण पडलं, वाटीच्या बुडाने थापलं गेलं आणि कोमट असतानाच ह्यांनी पट्टी लावून ते कापलं. पावसाळ्याची तरतूदही झाली. गूळ आणि ओट्स दोघंही हवेतली ओल ओढतात आणि जुलैत डोंबिवलीच्या हवेत दुसरं असतंच काय? बार सादळू नयेत म्हणून प्रत्येकाला बटर पेपर आणि सगळ्यांना मिळून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. वहीत शेवटची नोंद पडली: एक बार 40 ग्रॅम, साधारण 180 कॅलरी.

“दोन पोळ्यांइतक्या झाल्या की,” मी म्हटलं. “मग ह्याला वजन कमी करायचं खाणं का म्हणतात?”

ह्यांनी वही मिटली. असल्या शंका क्वालिटी कंट्रोलच्या कक्षेत येत नाहीत.

उत्तर दुसऱ्या दिवशी लोकलने दिलं. जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला ‘डाऊन’ करून तिथून बसून आलेल्या मैत्रिणींपुढे मी बटर पेपर उलगडला. बार वाकला नाही, भुगा पडला नाही, भजनही बिघडलं नाही. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली म्हणाली, “काय गं ते?” खिडकीशी बसलेलीने सांगण्याआधीच तोडून घेतला. तिसरीचा उपास होता. तिने अगदी लहान तुकडा घेतला. ठाणं यायच्या आत माझ्या वाट्याला एक कोपरा उरला.

संध्याकाळी हे वही उघडून बसले होते. “किती कॅलरी गेल्या पोटात?”

“पंचेचाळीस,” मी म्हटलं. “त्यापण उपासवालीने संकोच केला म्हणून.”

त्यांनी गंभीरपणे आकडा लिहून घेतला आणि पुढे शेरा मारला: ‘वजन कमी करण्यास उपयुक्त. फक्त गर्दीच्या वेळी घ्यावे.’