हात चांगला नसलेल्यांसाठी

शाळेत माणसाच्या कलेचा निकाल फार लवकर लागतो. साधारण तिसरी-चौथीत. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट अंगणात येणारी नदी, कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. हे चित्र सगळीच मुलं काढतात. फरक एवढाच, की काहींचं घर घरासारखं दिसतं. त्या मुलांचा ‘हात चांगला’ असतो. फळ्यावरच्या सुविचाराभोवती वेलबुट्टी काढायला त्यांनाच बोलावतात, हस्तलिखिताचं मुखपृष्ठ त्यांच्याकडेच जातं आणि पुढे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला तीच बसतात. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी महाराष्ट्राला किती चित्रकार दिले, ते जाणकारांनी सांगावं. पण ‘आपल्याला काही चित्र येत नाही’ ही पक्की खात्री मात्र त्यांनी परीक्षेला न बसलेल्या आम्हा सर्वांना दिली, आणि तीही विनाशुल्क.

ही खात्री तशी सोयीची असते. गणित येत नाही म्हटलं की शिकवणी लागते. चित्र येत नाही म्हटलं की सुटका होते. मीही अशीच सुटले. नोकरीची सगळी वर्षं बँकेत आकडेमोड करण्यात गेली आणि तिथे माझ्या हाताची चौकशी कुणी केली नाही. निवृत्तीनंतर मात्र गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेले आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, “मॅडम, तुम्हाला कंप्युटर येतो ना?” आपल्याकडे हा प्रश्न जपून ऐकावा. विचारणाऱ्याच्या मनात एक्सेलपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ‘कंप्युटर’ या एकाच खात्यात जमा असतं. वसंत व्याख्यानमालेचं पोस्टर दरवर्षी करून देणारा डीटीपीवाला मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला होता. मी ‘येतो’ म्हटलं आणि ग्राफिक डिझाइनच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं.

वर्गात माझ्या आधी माझी शंका जाऊन बसली होती. सर्जनशील माणसं कशी असतात ते तिला नीट ठाऊक होतं. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला झोळी आणि बोलता बोलता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची सवय. मी खिडकीबाहेर बघते ती वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे आहेत का, एवढ्याचसाठी. त्यात समोर स्क्रीनवरचं कोरं पान. कागद कोरा असला तर निदान गप्प असतो. हे पान शेजारी शेकडो तयार नमुने मांडून ठेवतं आणि ‘बघा, लोक कुठे गेले’ असं सुचवत राहतं.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने पहिल्या दिवशी कंप्युटर बंद करायला लावले आणि काळ्या कागदाचे सारखे चौकोन वाटले. पांढऱ्या कागदावर फक्त हे चौकोन ठेवून ‘शिस्त’, ‘गर्दी’ आणि ‘एकटेपणा’ दाखवायचा. हा जगभरच्या डिझाइन शाळांतला जुना धडा आहे, हे मला मागाहून कळलं. त्याची गंमत अशी, की ‘मला चौकोन ठेवता येत नाही’ असं म्हणायची सोयच नसते. शंकेचा पहिला पराभव तिथे झाला. चौकोन मात्र भलतेच बोलके निघाले. कागदाच्या बरोब्बर मधोमध ठेवलेला एकटा चौकोन एकटा दिसत नाही. तो अध्यक्ष दिसतो. तोच खालच्या कोपऱ्यात सरकवला की बिचारा खरंच एकटा पडतो. काही चौकोन कागदाच्या कडेवर अर्धे कापले गेले की संध्याकाळची विरार लोकल तयार. “काकू, काढायचं काहीच नाहीये,” ती मुलगी म्हणाली, “कुठे ठेवायचं ते ठरवायचंय.”

ठरवण्याची मला सवय होती. संसार केलेल्या बाईला दुसरं काय येतं?

पुढच्या आठवड्यात नियम आले. रॉबिन विल्यम्स नावाच्या बाईंनी (त्या नावाच्या नटाशी यांचा संबंध नाही) १९९४ साली डिझायनर नसलेल्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यातली तत्त्वं चारच. एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळ ठेवा. प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी रेषेत आणा. एकदा जे ठरवलं ते पानभर तसंच ठेवा. आणि वेगळं दाखवायचं तर चांगलं ठसठशीत वेगळं दाखवा, उगाच उन्नीस-बीस नको. हे वाचताना मला पंगतीतलं पान दिसायला लागलं. मीठ वरच्या बाजूला मधे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद. पन्नास पानं मांडली तरी मिठाची जागा हलत नाही, त्यामुळे वाढणाऱ्याला वाकून विचार करावा लागत नाही आणि जेवणाऱ्याला शोधावं लागत नाही. जिलबीसाठी जागा आधीपासून मोकळी. पानावर मोकळी जागा दिसली म्हणून तिथे आणखी थोडी चटणी वाढणारी सुगरण मी पाहिलेली नाही. पोस्टरवर मात्र मोकळी जागा दिसली, की तिथे गुलाबाचं फूल घालायला सगळ्यांचे हात शिवशिवतात.

त्यानंतर मी रस्त्याने नीट चालेनाशी झाले. प्रत्येक चौकातल्या फ्लेक्सकडे बघत उभी राहायला लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स घ्या. त्याला कुरूप म्हणून नाक मुरडणं सोपं आहे, पण कोणाचा फोटो वर, कोण पासपोर्टच्या आकारात, कोण गेल्या वर्षी मोठा होता आणि यंदा खालच्या रांगेत आला, हे सगळं गावातलं शेंबडं पोरही स्कूटरवरून जाता जाता वाचतं. आकार आणि जागा यांतून कोण महत्त्वाचं ते सांगायचं, यावर वर्गात दोन तास व्याख्यान झालं. तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्याला हे जन्मजात येतं, आणि त्यातली चूक त्याला परवडतही नाही.

घरात भिंतीवर ‘कालनिर्णय’ असतंच. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं. तारीख लांबून दिसेल एवढी मोठी, रविवार आणि सुट्ट्या लाल, तिथी-नक्षत्र बारीक अक्षरात आणि संकष्टीला चंद्रोदयाची वेळ त्याच चौकोनात. दूधवाल्याचे खाडे मांडायला तरीही जागा उरते. एका चौकोनात इतकं कोंबूनही त्याची गर्दी होत नाही. आजवर मी तिथे फक्त एकादशी शोधत होते; आता ती मला इतक्या पटकन सापडते कशी, याचं नवल वाटायला लागलं.

शंका एवढ्यावर हटणारी नव्हती. खरी परीक्षा मराठी अक्षरांनी घेतली. डिझाइनचे बहुतेक सल्ले रोमन लिपीच्या घरचे. ‘शीर्षक कॅपिटलमध्ये घ्या.’ आपल्याकडे कॅपिटल नाहीच. ‘क’ हा सगळ्या परिस्थितीत ‘क’च असतो, त्यामुळे जोर द्यायचा तर आकाराने किंवा जाडीने. ‘अक्षरांत थोडं अंतर सोडा, भारदस्त दिसतं.’ अंतर सोडलं की शिरोरेखा तुटते आणि ‘व्याख्यानमाला’ हा शब्द दात पडल्यासारखा हसतो. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. त्यात डीटीपीच्या काळातले जुने फाँट. तो मजकूर आपल्या मशीनवर उघडावा तर सरस्वतीच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. व्याख्यात्याचं नाव शिवीसारखं दिसायला लागतं.

पण याच वाटेने मला काही थोर माणसं भेटली. विंडोजवरच्या ‘मंगल’ फाँटला आपण ‘ते नेहमीचं साधं अक्षर’ म्हणतो. तो र. कृ. जोशींनी केला आहे, आणि हे जोशी म्हणजे सुलेखनात आयुष्य घालवलेला आणि मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवलेला माणूस. साधं दिसणं इतकं साधं नसतं तर. मराठी नाटकांची नावं कमल शेडगे हाताने रेखाटत. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ते अक्षर बघूनच नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज यायचा. आणि आता मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींचा ‘मुक्ता’ फाँट सात वेगवेगळ्या जाडींत फुकट मिळतो. शेडग्यांच्या रेषेपुढे माझी शंका अगदी खरी होती. पण ‘मुक्ता’ची जाड जाडी शीर्षकाला आणि मध्यम जाडी मजकुराला लावायला शेडगे व्हावं लागत नव्हतं.

सगळ्यात धीर दिला तो लंडनच्या हॅरी बेकने. भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला हा साधा ड्राफ्ट्समन. १९३१ साली त्याने रेल्वेचा नकाशा नव्याने काढला तो उभ्या, आडव्या आणि तिरप्या सरळ रेघांनी. खरी अंतरं, खरी वळणं त्याने सोडून दिली. जमिनीखाली गाडीत बसलेल्या माणसाला डोक्यावर कोणता रस्ता आहे याच्याशी काय करायचं? त्याला स्टेशनांचा क्रम हवा आणि गाडी कुठे बदलायची ते हवं. वरिष्ठांनी आधी तो नाकारला. १९३३ मध्ये खिशात मावेल असा छापून बघितला आणि प्रवाशांनी तो उचलून धरला. पुढे जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच धर्तीवर निघाले. बेकच्या जागी दोन डोंगर आणि नदी सुंदर काढणारा असता, तर त्याने बहुधा थेम्सवर तरंगणाऱ्या बोटीही काढल्या असत्या.

बेकने प्रश्न विचारला होता तो प्रवाशाच्या बाजूने. माझी शंका मात्र इतके दिवस माझ्याच बाजूने बोलत होती. ‘हे मला जमेल का? लोक हसतील का? हे कलात्मक आहे का?’ अशा प्रश्नांना उत्तर नसतं, म्हणून ते संपतही नाहीत. व्याख्यानमालेचं पोस्टर करायला बसले तेव्हा मी तिला हाकलायचा नाद सोडला आणि कामाला लावलं. एसटी स्टँडवरून पिशव्या घेऊन चालत येणाऱ्या माणसाला व्याख्यान कोणत्या तारखेला आहे ते कळेल का? मोटरसायकलवरच्याला वक्त्याचं नाव दिसेल का? चाळिशी घरी विसरलेल्या आजोबांना वेळ वाचता येईल का? या प्रश्नांना उत्तरं होती. दहा पावलं मागे जायचं, डोळे किलकिले करायचे आणि काय उरतं ते बघायचं. ही डिझायनर मंडळींची जुनी युक्ती आहे. आत्मविश्वासाने ओसंडणारा माणूस मागे सरकत नाही. त्याला गरजच वाटत नाही. संशयी माणूस दहादा मागे जाऊन बघतो. त्या दृष्टीने माझी पात्रता पहिल्या दिवसापासून पूर्ण होती.

कार्यकारिणीसमोर पोस्टर मांडलं तेव्हा सूचनांचा पाऊस पडला. वर सरस्वती हवी. संस्थापकांचा फोटो हवा. सौजन्य ठळक हवं. ‘आपले नम्र’ खाली सगळ्या सदस्यांची नावं हवीत, आणि ती ज्येष्ठतेने. मी बँकेतल्या जुन्या सवयीने एवढंच विचारलं, की यातलं काय वाचून माणूस व्याख्यानाला येईल? बराच वेळ कोणी बोललं नाही. सरस्वती लहान होऊन वाचनालयाच्या नावाशेजारी बसली, नम्र मंडळी आमंत्रणपत्रिकेत गेली आणि पोस्टरवर वक्ता, विषय, तारीख, वेळ आणि जागा एवढंच राहिलं. बाकी मोकळं.

अध्यक्ष अण्णांनी छापून आलेलं पोस्टर हातभर लांब धरून, मग चष्मा वर सरकवून, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मॅडम,” ते काळजीने म्हणाले, “एवढा क्लास केलात, पण यात डिझाइन कुठं आहे? सगळं नुसतं वाचता येतंय.”

मी त्यांचे मनापासून आभार मानले. बिचारे अजून समजतात, की मी त्या दिवशी रागावले होते.