नावं संपली का हो?

‘पिक्चर सुरू झाला का हो?’

‘नाही, अजून नावंच चाललीत.’

एकेकाळी या उत्तरानं जीव भांड्यात पडायचा. नावं म्हणजे उशिरा येणाऱ्याची हक्काची पाच मिनिटं. बॅटरीवाल्याच्या मागून रांग शोधायची, चार अनोळखी पायांवर पाय द्यायचा, पाचव्याची माफी मागायची. बूड टेकेपर्यंत पडद्यावर दिग्दर्शकाचं नाव आलेलं असायचं. म्हणजे आता बघायला हरकत नाही.

परवा एका मल्टिप्लेक्समध्ये असाच अंधारात धडपडत खुर्चीपर्यंत पोचलो. शेजारच्याला विचारलं, काही महत्त्वाचं गेलं का? पॉपकॉर्नमधला हात न काढता तो म्हणाला, ‘विशेष काही नाही. एक खून झाला.’

विशेष काही नाही!

शेजाऱ्याला कशाला बोल लावा? लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडतात, तसं हल्ली थ्रिलरच्या दारात रक्त शिंपडतात. आलात? या. बसा. जेवायला वेळ आहे अजून.

एक नमुना सांगतो, कुठल्या मालिकेचा ते ओळखा. वरून ड्रोन. खाली जंगल. निळसर उजेड. जिवाच्या आकांतानं धावणारी मुलगी. धाप. काटकी मोडल्याचा आवाज. किंकाळी. पडदा काळा. मग पांढरी अक्षरं : ‘सहा महिन्यांपूर्वी’.

नाही ना ओळखता आली? कशी येणार? निम्म्या मालिका अशाच सुरू होतात.

ही ‘सहा महिन्यांपूर्वी’ची पाटी म्हणजे दिग्दर्शकाची शुद्ध उसनवारी. पहिल्या अर्ध्या तासात वाढायला घरात काही नाही, म्हणून वाटी घेऊन शेवटाच्या दारात जायचं आणि वाटीभर रक्त मागून आणायचं. परतफेड आठव्या भागात. व्याज मात्र आपण भरायचं, रात्री दोनपर्यंत जागून.

लोकांची समजूत अशी की सस्पेन्स म्हणजे लपवाछपवी. लपवतात तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही. त्यांच्या हिशेबाच्या वहीवर कुणी थ्रिलर काढल्याचं ऐकिवात नाही.

हिचकॉकनं हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफोनं त्याची दीर्घ मुलाखत घेतली, तिच्यात टेबलाखालचा बॉम्ब आहे. टेबलाभोवती माणसं बसलीत, गप्पा चालल्यात. आपण क्रिकेटच्या धरू. बॉम्ब एकदम फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, भिंतीवरचं घड्याळही दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पांत पंधरा मिनिटांची घालमेल.

बॉम्ब तोच. टेबल तेच. उत्पन्न साठपट.

पोस्टाच्या कुठल्याही योजनेत एवढा परतावा नाही. तरी आमचे निर्माते पंधरा सेकंदांवर खूश!

आणि हे नुसतं बोलणं नव्हे. त्या मुलाखतीच्या चार वर्षं आधी, १९५८ मध्ये, ऑर्सन वेल्सनं ते करून दाखवलं होतं. पिक्चर ‘टच ऑफ ईव्हिल’. अमेरिका-मेक्सिको सीमेवरचं एक कळकट गाव. पडद्यावर पहिल्यांदा दिसतात दोन हात. हातात बॉम्ब. हात त्याचा काटा फिरवतात, साधारण तीन मिनिटांवर. भिंतीवरून एक सावली पळते आणि बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो. लगेच एक पैसेवाला म्हातारा आणि त्याची मैत्रीण खिदळत येतात, मोटारीत बसतात, निघतात.

आता कॅमेरा. तो क्रेनवर चढतो, इमारतीवरून पलीकडे जातो, रस्त्यावर उतरतो आणि मोटारीला सामोरा राहून मागे मागे सरकत राहतो. एकही कट नाही. चौकात पोलीस हात करतो, मोटार थांबते. सुटली म्हणेस्तोवर हातगाडी आडवी येते. मग बकऱ्या. बाजूनं एक नवपरिणीत जोडपं पायी चाललंय, चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली. मोटार कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी अगदी खेटून. सीमेच्या चौकीवर पहारेकऱ्यांना गप्पा मारायची हुक्की येते. मोटारीतली बाई सांगत असते की माझ्या डोक्यात टिकटिक होतेय. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आपण देतो. आपल्याला तर एव्हाना त्या बकऱ्यांचाही राग यायला लागलेला असतो.

मोटार पुढे जाते. जोडपं थांबतं. चुंबन. धडाम! आणि मग कुठे पहिला कट. अवघी साडेतीन मिनिटं झालेली नाहीत. जंगल नाही, ड्रोन नाही, किंकाळी नाही. बकऱ्या फक्त.

यावर स्टुडिओनं काय करावं? याच शॉटवर नावं टाकली! वर हेन्री मॅन्सिनीचं दणदणीत संगीत. टिकटिक ऐकू येईल कशी?

पिक्चर स्टुडिओनं परस्पर कापलाय हे कळल्यावर वेल्सनं ५८ पानांचं निवेदन लिहून दिलं होतं. त्यातलं बरंचसं दप्तरी दाखल झालं. १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्च यानं त्या निवेदनाबरहुकूम पिक्चर पुन्हा जुळवला, सुरुवातीची नावं काढून टाकली आणि संगीताच्या जागी गावातल्या बारमधली, मोटारीच्या रेडिओवरची गाणी ऐकू येऊ दिली. अर्जदार १९८५ मध्येच वारला होता.

आपल्याकडच्या तहसील कचेरीलाही इतका वेळ लागत नाही.

तसा आपल्याला त्या स्टुडिओला हसण्याचा अधिकार नाहीच. आपल्याकडे पिक्चर सुरू कधी होणार, हाच मुळात सस्पेन्स. आधी तंबाखूचे दुष्परिणाम. मग सहा कंपन्यांची सहा बोधचिन्हं, प्रत्येकाला स्वतंत्र गडगडाट. मग विशेष आभार : एक आमदार, दोन माजी सरपंच, एक मंगल कार्यालय. मग सर्व पात्रे काल्पनिक असल्याचा निर्वाळा. ती किती काल्पनिक आहेत हे पुढे कळतंच.

एक मात्र कबूल करायला हवं. हिचकॉकचा नियम आपल्याकडे कुणी मनोभावे पाळत असेल, तर सरकार. पडद्याच्या कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा आधी उमटतो. नायकाचा हात अजून खिशातच असतो. आता तो सिगारेट काढणार, हे त्याच्या आधी आपल्याला कळलेलं असतं!

‘टच ऑफ ईव्हिल’मधली ती जॅनेट ली पुढे दोन वर्षांनी हिचकॉकच्या ‘सायको’त आली. १९६०. त्याची सुरुवात काय? शहर फिनिक्स. शुक्रवार, ११ डिसेंबर. दुपारी २ वाजून ४३ मिनिटं. एवढं पडद्यावर लिहून येतं आणि कॅमेरा शहरावरून सरकत एका हॉटेलच्या अर्धवट पाडलेल्या पडद्याखालून आत शिरतो. आत खून नाही. जेवणाच्या सुट्टीत चोरून भेटलेलं जोडपं आणि त्यांची पैशाची रड.

पण २:४३ कशाला? पावणेतीन का नाही?

कारण मिनिटं मोजणारा माणूस पाळतीवर असतो. आपण बसल्या जागी चोर झालो की! पडद्याखालून वाकून बघितलंय, आता कुठल्या तोंडानं उठून जाणार?

या पिक्चरला हिचकॉकनं थिएटरांना ताकीदच दिली होती : सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, मॅनेजरचा भाऊ असो, अमेरिकेचा अध्यक्ष असो की इंग्लंडची राणी. आपल्याकडे अध्यक्ष आणि राणी एक वेळ थांबतील. मॅनेजरचा भाऊ चार जणांना घेऊन येईल आणि पुढच्या रांगेतल्यांना उठवेल. तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृहात शिरणारे आपण, आपल्याला हिचकॉक काय शिकवणार?

‘जॉज’ची गंमत वेगळी. १९७५. रात्रीचा समुद्र, एकटी पोहणारी मुलगी, खालून कुणीतरी हिसका देतं. शार्क दिसतच नाही. पुढेही बराच वेळ नाही. कारण? यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडत होता. मग स्पीलबर्गनं जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवर वेळ मारून नेली. आज पहिल्याच मिनिटाला संगणकातून दातांची कवळी बाहेर आली असती.

यंत्रं बिघडली पाहिजेत कधीकधी.

टॅरँटिनोला यंत्रही लागलं नाही. ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ची सुरुवात जवळजवळ वीस मिनिटांची. १९४१ चा फ्रान्स, शेतकऱ्याचं घर, दारात जर्मन अधिकारी. अधिकारी काय मागतो? दूध! ग्लास एका दमात रिकामा करतो, गाईंचं कौतुक करतो, शाई-कागद काढून कारकुनासारखा लिहीत बसतो. आपल्याला वाटतं, जनगणनेवर आलाय. मग कॅमेरा हळूच जमिनीखाली उतरतो. फळ्यांच्या फटीतून उजेड, आणि श्वास रोखून पडलेलं ज्यू कुटुंब. कॅमेरा पुन्हा वर येतो. वर काय बदललं? काही नाही. तोच आर्जवी आवाज. पण आता त्या माणसानं नुसता पाइप काढला तरी पोटात गोळा.

टेबलाखाली बॉम्ब म्हणजे हेच. इथे तर टेबलाखाली माणसंच.

‘हे सगळं परदेशी, आपल्याकडे कुठे?’ असं म्हणणाऱ्यांनी ‘तीसरी मंज़िल’ची पहिली दोन मिनिटं पाहावीत. १९६६, विजय आनंद. रात्र, भरधाव मोटार, जिने चढत जाणारी तरुणी, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणारा देह. नंतर गाणी आहेत, विनोद आहे, शम्मी कपूरची मान आहे. तरी बूड हलत नाही. कारण आशा पारेख ज्याला बहिणीच्या मृत्यूबद्दल शोधतेय, तोच हा, हे शम्मीला ठाऊक, आपल्याला ठाऊक, तिला नाही.

टेबलाखाली बॉम्ब, टेबलावर आर. डी. बर्मन!

आणि मराठीत? राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’, १९६४. वकिलाची बायको वारते. आणि मग एक बाई आरोपी म्हणून समोर उभी राहते आणि सांगते, मीच तुमची बायको. हिंदीनं दोन वर्षांत ‘मेरा साया’ केला. तेव्हा हिंदीवाले आपल्याकडून कथा नेत. आपण आता त्यांच्याकडून ड्रोन आणतो.

उसनवारी करूनही इमान राखणारे असतात, हेही सांगायला हवं. जीतू जोसेफचा मल्याळम ‘दृश्यम’ पोलीस ठाण्यात गप्प बसून राहिलेल्या माणसापासून सुरू होतो आणि मागे जातो. पुढे निशिकांत कामतनं हिंदीत तो गोव्यात नेला, आणि २ ऑक्टोबरला गांधीजयंतीखेरीज पणजीचा सत्संगही असतो हे देशाला पाठ झालं. त्या ठाण्यात बसलेल्याच्या पायाखाली काय आहे ते मी सांगत नाही. सांगून ठेवावं म्हणून इतका वेळ ओरडतोय, पण ते काम दिग्दर्शकाचं.

राहता राहिला पुण्याचा श्रीराम राघवन. ‘अंधाधुन’, २०१८. पहिल्या दृश्यात नायक नाही, नायिका नाही, पुणंसुद्धा नाही. कोबीचा मळा. एका डोळ्यानं आंधळा ससा. मागावर बंदूकवाला. ससा पळतो, बंदूक उडते, काहीतरी आदळल्याचा आवाज, अंधार. मग पियानो सुरू होतो, तब्बू येते, प्रेतं पडायला लागतात आणि ससा आपण साफ विसरतो. तो परत येतो शेवटच्या दहा मिनिटांत, आणि तोवर समजलेलं सगळं पुन्हा तपासायला लावतो.

या पिक्चरला तुम्ही उशिरा पोचलात, अंधारात चार पाय तुडवलेत आणि शेजाऱ्याला विचारलंत, काही महत्त्वाचं गेलं का, तर तो पॉपकॉर्नमधला हात न काढता सांगेल, ‘विशेष काही नाही. एक ससा होता.’

विश्वास ठेवू नका.