तिसऱ्या घरातला पतंग

अहो वहिनी, दोरीवरचे कपडे नंतर काढा, जरा कुंपणापाशी या. तो तिसऱ्या घरातला पतंग तुम्ही लेकासाठी घेताय असं कानावर आलं, खरं का? घर बदलतोय म्हणून त्याने सगळंच विकायला काढलंय. गवत कापायचं यंत्र, शेगडी, आणि हा दोन दोऱ्यांचा पतंग. दीडशे डॉलर सांगतोय. वर म्हणतो, फारसा उडवलेलाच नाही. एवढ्यात पैसे देऊ नका. परवा तो पतंग आमच्याकडे बघायला ठेवून गेलाय, आणि आमच्याकडे सध्या नाना आहेत.

नाना येवल्याचे, तुम्हाला ठाऊक आहेच. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस त्या गावात कुणी जमिनीवर सापडत नाही. सगळे गच्चीवर, मांजाची आसारी हातात आणि खाली हलकडी वाजतेय. अशा माणसापुढे आमच्या यांनी पतंग पिशवीतून काढला. नाना म्हणाले, "बांबू नाही, कागद नाही, शेपूट नाही, आणि भाव दीडशे?" झालं! यांचं व्याख्यान सुरू. कापड रिपस्टॉपचं, फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. काड्या कार्बनच्या. दोरी डायनीमाची, वजनाने नगण्य आणि ताणली तरी फारशी लांबत नाही. नानांनी ऐकून घेतलं, पतंग उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. जिथे दोन बारीक कांड्या मागून कापड फुगवून धरतात, तिथेच सुईच्या टोकाएवढी भोकं! मग नाक पाहिलं. फारसा उडवलेला नाही म्हणे. नाकाचा जाड पट्टा घासून पार लवदार झालाय. किती वेळा नाकावर आपटलाय ते त्या नाकानेच सांगितलं.

खरी गंमत पुढे आहे. खालच्या दोन आडव्या काड्या असतात ना, डावी आणि उजवी, त्या यांनी एकेक करून पिळून कानाशी धरल्या. कार्बनला तडा असला तर करकर ऐकू येते म्हणे. करकर काही आली नाही, पण उजवी काडी हाताला जाड लागली. माझा कणीक मोजायचा काटा घेऊन गेले दोघे, आणि निघाली की जड! म्हणजे मूळची मोडली आणि मिळेल ती बसवून दिली. त्याने हे तुम्हाला सांगितलं होतं? नाहीच सांगणार.

काल दिवसभर आपल्या या खांबाला दोऱ्या बांधलेल्या दिसल्या ना तुम्हाला, त्या याच. पंच्याऐंशी फुटी दोऱ्या, दोन्ही टोकं एका खांबाला अडकवून ताणल्या तर एक वीतभर लांब. दोरी लहानमोठी असली की पतंग एकीकडे ओढतो आणि माणूस उगाच पतंगाला शिव्या घालतो. म्हणून आधी गाठी सारख्या केल्या, मग परीक्षा.

परीक्षेला गेलो बर्कलीला, खाडीकाठच्या सेझर चावेझ पार्कात. उन्हाळ्यात दुपारी तिथे वारा ठरलेला. आतल्या खोऱ्यात ऊन तापतं, हवा वर चढते आणि तिची जागा भरायला समुद्रावरचा गार वारा गोल्डन गेटमधून आत घुसतो. गवतात खारींची बिळं आहेत मात्र, मागे चालताना जपायचं. आणि हो, हे पतंगवाले सारखे मागे चालतात, वारा पडला की पतंगाला ओढ मिळावी म्हणून.

आधी यांनी साधी उड्डाणं केली. सरळ वर, मग डावीकडे घिरटी, उजवीकडे घिरटी. एकीकडची छोटी आणि नेटकी, दुसरीकडची ऐसपैस. नाना म्हणाले, "काडी बोलली." आपल्याकडे एका बाजूला झुकणाऱ्या पतंगाच्या हलक्या अंगाला चिंधी बांधतात ना, तेच गणित. मग हवेत एका जागी थांबवून पाहिला. दोन्ही हातांनी पुढे एक झटका दिला की चांगला पतंग जागच्या जागी उभा राहतो. हा राहिला. कण्णीची गाठ नाकाकडे पाव इंच सरकवल्यावर उठायलाही सोपा झाला. इथवर ठीक.

मग कसरती, आणि इथे आमच्या यांची फजिती. ॲक्सल म्हणून एक असते. पतंग थांबवायचा, एका हाताने टचकन ओढायचं आणि त्याच क्षणी दोन्ही हात पुढे टाकून दोऱ्या सैल सोडायच्या. पतंग पोटावर आडवा पडून स्वतःभोवती गरकन फिरतो. यांचं ओढणं झकास, सोडणं मात्र काही होईना! एकदा हातात आलं ना, मग सुटू कशाला द्यायचं, असं काहीतरी अंगातच आहे माणसाच्या. पतंग अर्धा वळून गवतात. परत उठवला, परत गवतात. शेजारी एक पोरगं हसलं, तेव्हा नानांनी हात पुढे केला.

वहिनी, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. दोन दोऱ्या जन्मात धरल्या नव्हत्या. थोडं इकडे तिकडे फिरवलं, आपटलंही एकदोनदा. मग टचकन ओढलं आणि लगेच ढील! पतंग असा फिरला की पोरगं हसायचं थांबलं. आता मला विचाराल तर यात नवल नाही. आपला लढाऊ पतंग ओढला की नाकासमोर पळतो आणि ढील दिली की डोलून दिशा बदलतो. म्हणजे वळवायचं काम सगळं ढिलीतच. येवल्यातलं पोर हे बोलायच्या आधी शिकतं. आमचे हे वर्षभर व्हिडिओ बघताहेत, त्यात हात दिसतात, दोरी सैल झालेली काही दिसत नाही.

फेडही करून पाहिली. त्यात पतंग पाठीवर, नाक आपल्याकडे करून, पाळण्यात झोपल्यासारखा तरंगतो. हा तरंगला, पण दोन क्षणांत घसरला. मधल्या कण्याच्या खालच्या टोकाला थोडं वजन लावलं की टिकेल म्हणे, बरेच जण लावतात. योयो मात्र झाली! पतंग उलटा होऊन दोऱ्या अंगाभोवती गुंडाळून घेतो आणि तसाच उडत राहतो. दोऱ्यांना पीळ पडले तरी डायनीमा इतकी निसरडी की पतंग ऐकतो. तेवढ्यात नानांना इथे काटाकाटी करायची हुक्की आली. यांनी हातच जोडले. ही दोरी दीडशे अंशांच्या आसपास वितळते, एका जागी दुसरी दोरी घासली की गेली. शिवाय मांजाने माणसं कापली जातात. आपल्याकडे नायलॉनच्या मांजावर 2017 साली हरित लवादाने बंदी घातली ती काय उगाच?

परतताना गाडीत इतिहास. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या पीटर पॉवेलने 1972 मध्ये दोन दोऱ्यांचा पतंग काढला आणि तो घराघरांत गेला. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर नावाच्या माणसाने अमेरिकन नौदलासाठी असा वळवता येणारा पतंग केला होता, वर जपानी विमानाचं चित्र, आणि तोफांवरच्या पोरांनी नेम धरून त्यालाच पाडायचं. नाना म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच, पाडायलाच उडवायचा."

तर सांगायचं हे, की पतंग चांगल्या जातीचा आहे. सैल सोडल्यावर सावरतो, आणि कसरतीच्या पतंगात तेच बघायचं असतं; वेगात तर दुकानातला स्वस्तातला पतंगही पळतो. भोकांना रिपस्टॉपची चिकटपट्टी लागेल, उजवी काडी बदलावी लागेल. पण तुमच्या लेकाला नका घेऊ, दहा वर्षांच्या पोराला आधी आपटून घेता येईल असा फायबरग्लासच्या काड्यांचा छोटा घ्या. हा भावजींसाठी घ्या. ऐंशीला मागा, शंभरच्या वर एक डॉलर देऊ नका, आणि जड काडीचं नाव पहिल्या वाक्यात काढा.