व्हय म्हाराजा!

आमच्या गाडीत बसलेला माणूस मान डोलावतो. पटलं म्हणून नव्हे, पहिल्याचा दुसरा गिअर पडला म्हणून. दुसऱ्याचा तिसरा पडला की पुन्हा डोलावतो. शिरोडा बाजारातून निघून आरवलीला पोचेपर्यंत चौघांच्या माना अशा एका तालात हलतात, की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी वेतोबा देवाला गाऱ्हाणं घालतंय आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतायत.

गाडी जुनी, म्हणजे आम्हाला नवी. कांदिवलीच्या एका गृहस्थांनी सहा वर्षं वापरलेली, क्लचचं पेडल नसलेली. माझा डावा गुडघा संपावर गेला तेव्हा ठाण्याहून मुलगा म्हणाला, “बाबा, ऑटोमॅटिक घ्या.” खऱ्या ऑटोमॅटिकची किंमत ऐकून उजवाही दुखायला लागला. म्हणून ही.

हिला ऑटोमॅटिक म्हणायचं ते कौतुकानं. 2014 साली मारुतीनं सेलेरिओत ही युक्ती आणली, मागून इतरांनीही. आमची त्या इतरांपैकी एकाची. आत गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचप्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायला पायाऐवजी एक यंत्र आणि कधी दाबायचा ते ठरवायला डबीएवढा कॉम्प्युटर. थोडक्यात, बोनेटखाली एक ड्रायव्हर बसवलेला असतो. तो दिसत नाही, त्यामुळे त्याला तोंडावर बोलताही येत नाही.

मोचेमाडच्या घाटीत हा ड्रायव्हर विचारात पडायचा. तिसरा ठेवू की दुसरा टाकू? तोवर मागून एसटी आपलं मत मोठ्यानं मांडायची.

गावातल्या मेस्त्रीनं एक चक्कर मारली, मान डोलावली (त्याचाही इलाज नव्हता) आणि निदान केलं. “हेच्यात गाडयेचो दोष नाय. ही मुंबयत वाढलेली. धा फूट गेला काय सिग्नल, धा फूट गेला काय सिग्नल. हिका अजून कळूक नाय, आपण खंय इलंव ता.”

“मग?”

“इसराक लावया. बॅटरीची काळी वायर अर्धो तास काडून ठेवतंय. सगळा इसारता.”

त्यानं दहा नंबरचा पाना लावून वायर सोडली आणि तिला फडकं गुंडाळलं. आम्ही दोघं माडाखाली बसलो. मी म्हटलं, “माणसाचं असं करता आलं असतं तर?”

तो दचकलाच. “नको हां! लोक उधारी इसारतले.”

अर्ध्या तासानं वायर जोडली. घड्याळात 12:00 वाजले होते, रेडिओची स्टेशनं गेली होती. आईनं ओटीवरून विचारलं, “बारा वाजले काय रे हिचे?” चक्कर मारली. व्हय म्हाराजा. जसंच्या तसं.

उलगडा झाला सावंतवाडीच्या गॅरेजात. जुन्या गाड्यांच्या कॉम्प्युटरची आठवण बॅटरीच्या जिवावर असायची; वायर काढली की पाटी कोरी. अलीकडच्या बऱ्याच गाड्या शिकलेलं वहीत उतरवून ठेवतात, वीज गेली तरी अक्षर जात नाही. ती वही उघडायला स्कॅनर लागतो. स्टेअरिंगखाली 16 पिनांचं एक सॉकेट असतं, इतके दिवस मी त्यावर गुडघा आपटत होतो. तिथल्या पोरानं त्यात वायर खुपसली आणि हातातल्या पडद्यावर बोट ठेवलं. गाडी जागच्या जागी स्वतःच क्लच दाबून सोडून बघू लागली. टक्. घर्र. टक्. डोळे तपासताना आपण बारीक अक्षरं वाचतो तसं.

“प्लेट झिजलीय, काका. बदलायची वेळ नाही आली अजून, पण क्लच पकडतो ती जागा सरकलीय. कॉम्प्युटरचा हिशेब जुनाच.”

आरवलीच्या शेजारी राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या नव्या चपला वाहतात. आमच्या गाडीचा देव झिजल्या तळव्यांनी चालत होता आणि पाऊल मात्र नव्या चपलेच्या अंदाजानं टाकत होता.

“हिशेब नवा केलाय. आता सुरुवातीला नीट चालवा,” पोरगा म्हणाला. “जे दाखवाल ते शिकेल.”

इथं माझी झोप उडाली. परक्या मुलुखातून आलेल्याला शिरोडा आपलंसं करतो, हे खरं. सांगलीत जन्मलेले लेखक वि. स. खांडेकर 1920 साली इथं शिक्षक म्हणून आले ते 1938 पर्यंत राहिले. पण तेव्हा शिकवणारं सगळं गाव होतं. इथं मी एकटा. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतानासुद्धा कुणी बघतंय असं वाटायचं. मिठागरांजवळ हळू, कारण बगळे. बाजारात हळू, कारण काच खाली करून ‘बांगडे कशे दिले?’ विचारायचं असतं. आरवलीत तर पाय उचलायचाच, एक हात छातीशी न्यायचा असतो. मान अजून हलते, पण आता शेजाऱ्याच्या गोष्टीला द्यावा तेवढाच होकार.

चतुर्थीला मुलगा आला, गाडी घेऊन वेंगुर्ल्याला गेला आणि वैतागून परतला.

“बाबा, काय शिकवलंय हिला? पाय दाबला तरी आधी विचार करते, मग निघते. सगळं पुसून टाकू. बॅटरी काढतो. पाना कुठंय?”

बॅटरी काढून हिचं काही पुसलं जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गणपतीचे पाचही दिवस दहा नंबरचा पाना तांदळाच्या डब्यात होता.