एमएच-48चा बर्फवीर

गोखिवऱ्यात पारा 18 अंशांवर आला की बर्फवीर माकडटोपी चढवतो आणि मनालीच्या तयारीला लागतो. नाताळात ऑर्डरी मंदावतात, कामगार गावी जातात, गाळ्याचं शटर पडतं. गाडी एमएच-48, हायवेही एनएच-48. वसई फाट्यावर डावीकडे वळलं की थेट दिल्ली. तो रस्ता आपल्याच नावावर आहे अशी त्याची समजूत.

डिकीत सुकेळी, सुका बोंबील, लोणचं. टायरला बांधायच्या साखळ्या तेवढ्या नाहीत. "भर पावसात गायमुख घाट चढवलाय मी!" हा त्याचा सगळ्या संकटांवरचा उतारा.

जयपूर ओलांडल्यावर पहाटे धुकं भेटतं. दृश्यमानता 50 मीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला 'अतिदाट' म्हणतं. बर्फवीर म्हणतो, 'जरा धुरकट आहे'. तो अप्पर मारतो. उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून त्याच्याच डोळ्यांत येतो.

"अहो, डिपर करा."

"डिपर केल्यावर दिसणार कसं?"

पण दिसतं. उजेड खाली गेल्यावर रस्त्यावरची पांढरी पट्टी उगवते. श्रेय अर्थात हेडलाइटच्या कंपनीला. मग तो चारही इंडिकेटर लावून चालवत सुटतो. हा उभा आहे की वळतोय, हे मागच्या ट्रकवाल्याने ओळखायचं.

मनालीत तो रात्री हँडब्रेक करकचून ओढतो. तिथले ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतात, कारण ओल गोठून ब्रेक चिकटू शकतो. सकाळी हिमाळलेल्या काचेवर हा गरम पाणी ओतणार, तोच हॉटेलचा पोऱ्या केटली हिसकावतो. काच तडकली असती. वायपरच्या टाकीत घरून भरलेलं साधं पाणी. त्याचा पार दगड झालेला. सहलीतलं हे पहिलं हिमदर्शन.

खरी परीक्षा सोलंगपुढे. रोहतांगखालून जाणारा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 2020मध्ये खुला झाला आणि हौशांना हिवाळ्यातही लाहौल जवळ आलं. बर्फ बोगद्यात पडत नाही, बाहेर पडतो, एवढी बारीक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. डिसेंबर 2024मध्ये याच पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. वितळलेलं पाणी रात्रीत गोठतं आणि सावलीतल्या वळणावर त्याचा पारदर्शक थर बसतो. वरून दिसतो तो नुसता ओला डांबरी रस्ता. ओल्या रस्त्याचं आपल्याला काय कौतुक, म्हणत बर्फवीर ब्रेक दाबतो. चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. अत्यंत सावकाश, तिरकी होत, ती कडेच्या बर्फाच्या ढिगाला जाऊन टेकते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गायमुख घाट आठवत नाही.

परतल्यावर गाडी महिनाभर धुतली जात नाही. चिखल नाक्यावर सगळ्यांना दिसायला हवा. चहाच्या टपरीवर पुढची मोहीम जाहीर होते: "आता लेह! उणे 33 अंशांतही वाहतं राहणारं डिझेल इंडियन ऑइलने 2019मध्येच काढलंय."

"अहो, काढलं असेल," बायको म्हणते, "पण आपली वायपरची टाकी फुटलीय, ती कधी बदलताय?"